चालू वेबसाइटला ‘ओनियन’ दार : टॉरवरचा मिरर कसा जोडतात आणि कुठे चुकतं

वेबसाइट आधीपासून आहे, चालते आहे, रोज वाचक येतात. ती तशीच ठेवून तिला मागच्या बाजूने आणखी एक दार काढायचं. हे दार फक्त टॉर ब्राउझरमधून उघडतं. त्यातून आत येणारा कोण आहे हे वेबसाइटला कळत नाही, आणि तो कुठल्या वेबसाइटवर गेला हे त्याच्या इंटरनेट कंपनीला कळत नाही. या दाराला ओनियन मिरर म्हणतात. त्याचा पत्ता ‘.कॉम’ किंवा ‘.इन’ने संपत नाही, ‘.ओनियन’ने संपतो.

नाव ऐकून अनेकांना ‘डार्क वेब’ आठवतं आणि ते दोन पावलं मागे सरकतात. प्रत्यक्षात ही सोय वापरणाऱ्यांची यादी बऱ्यापैकी सरळमार्गी आहे. फेसबुकने ऑक्टोबर २०१४च्या शेवटी आपला ओनियन पत्ता जाहीर केला. अमेरिकेतल्या ‘प्रोपब्लिका’ या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने जानेवारी २०१६मध्ये, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ऑक्टोबर २०१७मध्ये आणि बीबीसीने ऑक्टोबर २०१९मध्ये तेच केलं. डेबियन या लिनक्स प्रकल्पाने २०१६ साली आपल्या अनेक सेवा ओनियनवर उपलब्ध केल्या. मार्च २०२२मध्ये रशियाने बीबीसीच्या वेबसाइट अडवल्या, त्याच सुमारास बीबीसीने शॉर्टवेव्ह रेडिओ पुन्हा सुरू केला आणि सोबत वाचकांना आपल्या ओनियन पत्त्याची आठवण करून दिली.

कांद्याचे पापुद्रे

ओनियन राउटिंगची कल्पना १९९०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत पॉल सायव्हर्सन, मायकेल रीड आणि डेव्हिड गोल्डश्लाग यांनी मांडली. पुढे रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांनी सायव्हर्सन यांच्यासोबत टॉर घडवलं. २००६ साली ‘टॉर प्रोजेक्ट’ ही ना-नफा संस्था उभी राहिली, आणि आज तीच हे सॉफ्टवेअर सांभाळते.

पाकिटात पाकीट, त्यात आणखी पाकीट घालून पत्र पाठवावं तसा हा प्रकार आहे. प्रत्येक मधला माणूस वरचं एकच पाकीट फोडतो आणि आतल्या पाकिटावरच्या पुढच्या माणसाकडे ते देतो. पत्र कुणी लिहिलं आणि शेवटी कुणाला पोचणार, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला कधीच कळत नाहीत. साधी वेबसाइट टॉरमधून पाहिली, तर शेवटचा मधला सर्व्हर टॉरच्या बाहेर पडून उघड्या इंटरनेटवर जातो. ओनियन पत्त्याच्या बाबतीत हे बाहेर पडणंच नसतं. वाचक तीन सर्व्हर पार करून येतो, वेबसाइटही आपल्या बाजूने तीन सर्व्हर पार करून येते आणि दोघांची गाठ मध्येच पडते.

ही गाठ कशी पडते हे समजून घेतलं की पुढची बरीच गोंधळाची ठिकाणं आपोआप सुटतात. समजा, एका माणसाचं घर कुणालाच माहीत नाही. तो गावातल्या तीन दुकानांत सांगून ठेवतो, ‘माझ्यासाठी कुणी आलं तर निरोप घ्या.’ भेटायला येणारा त्यातल्या एका दुकानात चिठ्ठी ठेवतो, ‘मी अमुक एसटी स्टँडवर थांबलोय.’ मग घरवाला त्या स्टँडवर जातो. दुकानदाराने दोघांपैकी कुणाचंच घर पाहिलेलं नसतं, स्टँडवाल्यानेही नाही. टॉरमध्ये ही दुकानं म्हणजे ‘इंट्रोडक्शन पॉइंट’, आणि ठरवून न ठेवल्यास ती तीन असतात. स्टँड म्हणजे ‘रॉन्देव्हू पॉइंट’.

यातून एक व्यावहारिक फायदा निघतो. वेबसाइटचा सर्व्हर स्वतःच बाहेर जाऊन संपर्क ठेवतो. त्यामुळे मिररसाठी फायरवॉलमध्ये एकही नवं पोर्ट उघडावं लागत नाही, आणि ऑफिसातल्या साध्या राउटरमागे ठेवलेल्या मशीनवरही तो चालतो. फक्त वीज गेली की तोही गेला.

पत्ता कुठल्याही कंपनीकडून विकत घ्यायचा नसतो. सर्व्हरवर एक किल्ल्यांची जोडी तयार होते आणि तिच्यातली जाहीर किल्ली हाच पत्ता. म्हणून तो ५६ अक्षरांचा आणि वाचायला अगम्य असतो. त्यात इंग्रजी लहान अक्षरं आणि २ ते ७ एवढेच आकडे येतात, आणि शेवटचं अक्षर कायम ‘डी’. जुने पत्ते १६ अक्षरांचे होते. २०२१मध्ये टॉरने ते बंद केले. त्यामुळे इंटरनेटवर शोधताना एखाद्या मार्गदर्शक लेखात १६ अक्षरांचा पत्ता दिसला, तर तो लेख कालबाह्य आहे असं समजून पुढे जावं. ‘.ओनियन’ हे नाव इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफने ऑक्टोबर २०१५मध्ये राखीव करून टाकलं. त्यामुळे उद्या कुणी हे नाव विकायला काढेल, ही भीती नाही.

आधी एक प्रश्न : लपायचं कुणाला आहे?

हे काम हाती घेणारे बहुतेक जण इथेच घोटाळा करतात. ओनियन सेवा मुळात दोन्ही बाजूंना आडोसा देते, म्हणजे वाचक लपतो आणि सर्व्हरही लपतो. पण चालू वेबसाइटला जोडलेल्या मिररला सर्व्हर लपवणं जमणारच नाही. तोच मजकूर, तोच सर्व्हर, एक बंद पडला की दुसरा बंद पडतो. दोन्ही पत्ते एकाच घराचे आहेत हे शेंबडं पोरही सांगेल. आणि मुख्य साइटवर ‘आमचा ओनियन पत्ता’ म्हणून तो छापायचाच असतो.

म्हणजे मिररमध्ये आडोसा वाचकासाठी आहे. ज्याला खरोखरच प्रकाशक म्हणून अज्ञात राहायचं आहे, त्याने चालू वेबसाइटला मिरर जोडू नये. त्याचा सर्व्हर वेगळा, पैसे भरण्याचा मार्ग वेगळा, लिहिण्याची सवयसुद्धा वेगळी लागते. तो या लेखाचा विषय नाही.

सर्व्हर लपवायचा नाही हे एकदा मान्य केलं की टॉरमध्ये एक सवलत मिळते. सर्व्हरच्या बाजूचे तीन टप्पे गाळून त्याला थेट जोडता येतं. याला ‘सिंगल ओनियन’ म्हणतात. वाचकाचे तीन टप्पे जसेच्या तसे राहतात आणि वेग वाढतो. मात्र त्यासाठी सेटिंगमध्ये ‘ही सेवा अज्ञात नाही’ असं स्पष्ट लिहून द्यावं लागतं, आणि त्या टॉर प्रक्रियेतून स्वतः ब्राउझिंग करण्याची सोय बंद करावी लागते. मोठ्या वर्दळीच्या साइटला हे उपयोगी आहे. छोट्या पोर्टलने सुरुवात साध्या पद्धतीनेच करावी. नंतर बदलता येतं आणि पत्ता तोच राहतो.

जोडणी : अर्ध्या तासाचं काम

स्वतःचा लिनक्स सर्व्हर किंवा व्हीपीएस असेल तर मूळ जोडणी खरंच सोपी आहे. टॉर प्रोजेक्टच्या स्वतःच्या भांडारातून टॉर इन्स्टॉल करावं, कारण लिनक्ससोबत येणारी आवृत्ती बरेचदा मागची असते. मग टॉरच्या ‘टॉरआरसी’ या सेटिंग फाइलमध्ये दोन ओळी घालायच्या. पहिली ‘हिडनसर्व्हिसडिर’ने सुरू होते आणि किल्ल्या कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायच्या ते सांगते. दुसरी ‘हिडनसर्व्हिसपोर्ट’ने सुरू होते. तिचा अर्थ : ओनियनवर ८० क्रमांकाच्या पोर्टवर कुणी आलं, तर त्याला याच मशीनच्या १२७.०.०.१ या आतल्या पत्त्यावर, समजा ८०८० पोर्टवर, नेऊन सोड. (फाइलमध्ये हे शब्द अर्थातच इंग्रजी लिपीत, एकेक शब्द सलग लिहायचे.) टॉर पुन्हा सुरू केलं की त्या फोल्डरमध्ये ‘होस्टनेम’ नावाची फाइल तयार होते. तिच्यात ५६ अक्षरांचा पत्ता सापडतो.

सर्व्हरचं घड्याळ बरोबर असलं पाहिजे. पत्त्याची माहिती टॉरच्या जाळ्यात ठरावीक वेळेच्या हिशेबाने बदलत राहते. घड्याळ बरंच चुकलं तर सगळं नीट लिहूनही पत्ता उघडत नाही, आणि कारण मात्र ध्यानात येत नाही.

मग एनजिनएक्समध्ये या मिररसाठी वेगळा ‘सर्व्हर ब्लॉक’ लिहायचा. तो फक्त १२७.०.०.१:८०८० वरच ऐकणारा हवा. बाहेरच्या आयपीवर तो ऐकत राहिला, तर ओनियनचं नाव सांगून कुणीही थेट बाहेरून मिरर उघडू शकतो. मग टॉरचा वळसा कशासाठी?

सीपॅनेलवाल्या शेअर्ड होस्टिंगवर हे जमत नाही, कारण तिथे स्वतःची प्रक्रिया कायम चालू ठेवता येत नाही. सीमाभागातल्या अनेक लहान पोर्टलची मांडणी अशीच असते. त्यांच्यासाठी पर्याय आहे : टॉर दुसऱ्या एखाद्या छोट्या मशीनवर चालवायचं, आणि त्या मशीनने मुख्य साइटवरून एचटीटीपीएसने पानं आणून ओनियनवर द्यायची. ॲलेक मफेट यांनी यासाठी ‘ईओटीके’ नावाचं साधन केलं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा ओनियन त्याच्या मदतीने उभा राहिला. टॉर प्रोजेक्टचं ‘ओनियनस्प्रे’ त्याच्यातूनच निघालं आहे.

पत्त्याच्या सुरुवातीला साइटचं नाव यावं असं वाटत असेल तर ‘एमकेपी२२४ओ’ हे सॉफ्टवेअर किल्ल्या बनवत राहतं आणि जुळणारी सापडली की थांबतं. प्रत्येक वाढीव अक्षराला सरासरी ३२ पट काम. पाच-सहा अक्षरं साध्या कॉम्प्युटरवर जमतात, पूर्ण नावाचा हट्ट धरू नये. शिवाय याला दुसरी बाजू आहे : वाचकाला फक्त पहिली सहा अक्षरं पाहायची सवय लागली, तर तशीच सहा अक्षरं घेऊन बनावट साइट काढणंही तितकंच सोपं.

खरं दुखणं : लिंका

आता पत्ता टॉर ब्राउझरमध्ये टाकायचा. वर्डप्रेस असेल तर नव्वद टक्के वेळा एकच गोष्ट घडते : पान क्षणभर हलतं आणि वाचक थेट साध्या ‘.कॉम’ साइटवर जाऊन पडतो. वर्डप्रेस आपलं ‘घर’ डेटाबेसमध्ये लिहून ठेवतं, आणि वेगळ्या नावाने आलेल्याला त्या घराकडे हाकलतं. त्यात एचटीटीपीएसकडे वळवणारा नियम असेल तर आणखीच.

यावर दोन वाटा आहेत. पहिली, वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘होम’ आणि ‘साइटयूआरएल’ ही मूल्यं आलेल्या नावाप्रमाणे ठरवायची. इथे ब्राउझरने सांगितलेलं नाव डोळे झाकून स्वीकारायचं नाही. दोनच नावांची यादी द्यायची, साधं आणि ओनियन. तिसरं काही आलं तर साधं धरायचं. नाहीतर कुणीही खोटं नाव पाठवून साइटच्या लिंका स्वतःकडे वळवू शकतो. या वाटेत एक उणीव राहते. जुन्या बातम्यांमध्ये चिकटवलेल्या फोटोंचे पूर्ण पत्ते डेटाबेसमध्ये साध्या नावानेच असतात.

दुसरी वाट जास्त भरवशाची आहे. वर्डप्रेसला काही कळूच द्यायचं नाही. ओनियनचा ब्लॉक आतल्या आत मुख्य साइटकडे साध्या नावाने पान मागतो, ‘मागणी एचटीटीपीएसचीच आहे’ असंही सांगतो, आणि मिळालेल्या पानातला साधा पत्ता खोडून ओनियनचा लिहितो. एनजिनएक्समध्ये हे ‘सबफिल्टर’ने होतं. करायला गेलं की या गोष्टी एकामागून एक समोर येतात :

पान आतून दाबून, म्हणजे जीझिपमध्ये, आलं तर सबफिल्टरला त्यातलं काही वाचता येत नाही आणि तो गप्प बसतो. म्हणून आतल्या मागणीत दाबलेलं पान नको असं सांगावं लागतं. सबफिल्टर न सांगता फक्त पहिलीच जागा बदलतो, सगळ्या जागा बदलायला वेगळं सांगावं लागतं. तो फक्त एचटीएमएलला हात लावतो, सीएसएस आणि जेसनला लावायचा तर तेही सांगावं लागतं. जेसनमध्ये पत्त्यातल्या तिरप्या रेघांआधी उलट्या तिरप्या रेघा असतात, म्हणून त्या रूपासाठी वेगळा नियम लागतो. आणि नुसतं डोमेनचं नाव बदलायला सांगितलं, तर संपादकांचा ईमेल पत्ताही ‘.ओनियन’चा होतो आणि वाचकांची पत्रं परत येतात. म्हणून ‘एचटीटीपीएस’पासूनचा पूर्ण पत्ता बदलायचा, सुटं नाव नाही. वळवणीचे पत्ते आणि कुकीचं डोमेन यांना सबफिल्टर लागत नाही, त्यांच्यासाठी एनजिनएक्सचे स्वतंत्र नियम आहेत. तेही लिहावे लागतात.

व्हॉट्सॲपवर पाठवायच्या बटनांत पत्ता सांकेतिक रूपात असतो. तो या बदलातून सुटतो आणि साधाच राहतो. इथे ते बरंच आहे. मिररवर वाचणाऱ्याने बातमी पुढे पाठवली आणि ती ओनियन पत्त्याने गेली, तर गावातल्या ग्रुपवर क्रोममध्ये कुणालाच उघडणार नाही.

कॅश हा वेगळा सापळा. पानं साठवून ठेवणारं प्लगइन किंवा एनजिनएक्सची कॅश नावाप्रमाणे वेगळी ठेवली नाही, तर ओनियन लिंका असलेलं पान साध्या वाचकांना जायला लागतं. मुख्य साइट ‘बंद पडली’ असे फोन येतात आणि मिररकडे कुणाचं लक्षच जात नाही.

मुख्य साइटने ‘अप-ग्रेड-इनसिक्युअर-रिक्वेस्ट्स’ हा हेडर लावला असेल तर तो ओनियनवर काढावा. नाहीतर ब्राउझर प्रत्येक फोटो एचटीटीपीएसने मागतो, आणि तिथे ते पोर्टच नसतं.

पाहुणे घराबाहेरचे

मिरर उघडला, लिंका जुळल्या, फोटो दिसले. तरी अर्धं काम बाकी असतं. नेहमीचं बातम्यांचं पान उघडलं की त्याच्यासोबत गूगलचे फाँट, ॲनालिटिक्स, जाहिराती, यूट्यूबची चौकट, फेसबुकचं बटन असं सगळं वऱ्हाड येतं. टॉर ब्राउझर यांच्या मागण्याही टॉरमधूनच पाठवतो, म्हणून वाचकाचा आयपी त्यांना कळत नाही. पण कुठलं पान किती वाजता उघडलं गेलं हे कळतं. शिवाय या मागण्या टॉरच्या बाहेर पडतात, म्हणजे ओनियनचा मूळ फायदाच गेला. वाचकाला ‘सुरक्षित दार’ म्हणून बोलवायचं आणि आत दहा अनोळखी लोक बसवायचे, यापेक्षा मिरर न काढलेला बरा.

उपाय एका ओळीचा आहे. मिररच्या ब्लॉकमध्ये ‘कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी’ हा हेडर लावून फक्त स्वतःच्या पत्त्यावरच्या वस्तूंनाच परवानगी द्यायची. पानातच लिहिलेल्या स्टाइलसाठी थोडी सूट द्यावी लागते. मग जुन्या बातमीत कुणी विसरलेली यूट्यूबची चौकट असली, तरी ती लोड होत नाही. तिच्या जागी साधी लिंक ठेवता येते.

फाँट आपल्याच सर्व्हरवर ठेवावेत. एक टाइपचा ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ खुल्या परवान्याचे आहेत, उतरवून ठेवायला अडचण नाही. देवनागरी फाँटमध्ये जोडाक्षरांमुळे आकृत्या पुष्कळ असतात आणि फाइल जड होते. लागत नाहीत ती वजनं, म्हणजे बारीक, मध्यम, अतिठळक, गाळून एक साधं आणि एक ठळक पुरे. देवनागरी अक्षर साठवायला यूटीएफ-८मध्ये ३ बाइट लागतात, रोमनला १. पण दाबून पाठवल्यावर हा फरक बराच कमी होतो, म्हणून वाचकाकडे जाताना जीझिप चालू असावं. सहा टप्प्यांच्या वाटेवर प्रत्येक वाढीव फाइल जाणवते.

जावास्क्रिप्टशिवाय पान वाचता आलं पाहिजे. टॉर ब्राउझरच्या सर्वांत कडक पातळीवर जावास्क्रिप्ट बंद असते, आणि ज्याला या दाराची खरी गरज आहे तो बहुधा त्याच पातळीवर असतो. बातमीचा मजकूर ‘पुढे वाचा’ बटनामागे स्क्रिप्टने लपवलेला असेल, तर त्याच्यासाठी ती बातमी नाहीच.

सगळेच ‘घरचे’ झाले तर

ओनियनवरून येणारा प्रत्येक वाचक सर्व्हरला १२७.०.०.१ वरून, म्हणजे स्वतःच्याच मशीनवरून आलेला दिसतो. हे वाक्य साधं आहे, पण या कामातले सर्वांत मोठे अपघात यातूनच होतात.

सर्व्हरवर बऱ्याच गोष्टी ‘फक्त या मशीनवरून उघडाव्यात’ अशा ठेवलेल्या असतात. अपाची सर्व्हरचं ‘सर्व्हर-स्टेटस’ पान हे त्याचं गाजलेलं उदाहरण. बाहेरच्या कुणाला ते दिसत नाही, पण ओनियनवरून येणारा आतलाच वाटत असल्याने त्याला दिसतं. त्यावर कोण कुठलं पान मागतंय याची चालू यादी असते, त्याच सर्व्हरवरच्या इतर साइटची आणि त्यांच्या वाचकांच्या आयपींचीसुद्धा. २०१६च्या सुरुवातीला हे उघड झालं आणि बऱ्याच ओनियन साइट त्यात सापडल्या. एनजिनएक्सचं तसंच पान, पीएचपीमायअॅडमिन, बॅकअपचं पान, जे जे ‘लोकल’ म्हणून सोडलं आहे ते ते मिरर जोडण्याआधी शोधून पासवर्डमागे न्यायला हवं, नाहीतर मिररवर बंद करायला हवं.

उलट बाजूनेही हेच अंगाशी येतं. फेलटूबॅनसारखं सॉफ्टवेअर चुकीचे पासवर्ड टाकणाऱ्याचा आयपी अडवतं. मिररवरून कुणी दहा वेळा चुकीचा पासवर्ड टाकला, तर ते १२७.०.०.१ला अडवतं आणि सगळा मिरर, कधी डेटाबेसही, बंद. त्या पत्त्याला यादीतून वगळलेलंच असावं. वर्डप्रेसचं लॉगिन आणि ‘एक्सएमएल-आरपीसी’ मिररवर बंदच ठेवावेत. बातम्या टाकणारे सहकारी साध्या दारानेच येतात, त्यांना ओनियनची गरज नाही.

एका आयपीवरून किती मागण्या घ्यायच्या याची मर्यादाही इथे निरुपयोगी ठरते, कारण एक भामटा आणि शंभर वाचक सर्व्हरला सारखेच दिसतात. टॉरला प्रत्येक जोडणीसाठी वेगळा खोटा आयपीव्ही६ पत्ता पुढे पाठवायला सांगता येतं. त्यावरून निदान जोडण्या वेगळ्या ओळखता येतात. ऑगस्ट २०२३मध्ये आलेल्या टॉर ०.४.८मध्ये आणखी एक सोय आहे. हल्ला वाढला की आत येणाऱ्या प्रत्येक ब्राउझरला आधी थोडं गणित सोडवावं लागतं. एका वाचकाला ते जाणवतही नाही, हजारो खोट्या मागण्या करणाऱ्याला महागात पडतं.

वाचकाला कळणार कसं?

५६ अक्षरं कुणी पाठ करणार नाही. म्हणून मुख्य साइटच्या एचटीटीपीएस पानांना ‘ओनियन-लोकेशन’ नावाचा हेडर लावतात. जून २०२०मध्ये आलेल्या टॉर ब्राउझर ९.५पासून हा हेडर दिसला की पत्त्याच्या पट्टीत ‘ओनियन उपलब्ध’ अशी खूण येते. तिच्यावर टिचकी मारली की वाचक त्याच बातमीच्या ओनियन पानावर जातो. मात्र हेडरमध्ये पानाचा पुढचा पत्ताही जोडला पाहिजे, नाहीतर प्रत्येक वेळी तो मुखपृष्ठावर पोचतो. एनजिनएक्सची इथे एक खोड आहे : आतल्या एखाद्या विभागात दुसरा कुठलाही हेडर लिहिला असेल, तर बाहेर लिहिलेले सगळे हेडर त्या विभागापुरते रद्द होतात. खूण मुखपृष्ठावर दिसते आणि बातमीवर दिसत नाही, त्याचं कारण बहुधा हेच.

‘आमच्याविषयी’ पानावर पूर्ण पत्ता लिहावा, आणि छापील अंक असेल तर त्यातही क्यूआर कोडसह द्यावा. नामवंत साइटच्या बनावट ओनियन प्रती निघतात. खरा पत्ता कुठला हे ठरवायला वाचकाकडे मुख्य साइटशिवाय दुसरं काही नसतं.

मिररला एचटीटीपीएस प्रमाणपत्र हवंच असं नाही. पत्ता हीच किल्ली असल्यामुळे वाचक ते साइट हा सगळा रस्ता मुळातच कुलूपबंद असतो. हवंच असेल तर डिजिसर्ट आणि ग्रीसची हरिका या संस्था ओनियनसाठी प्रमाणपत्रं देतात.

साइट क्लाउडफ्लेअरमागे असेल तर त्यांची २०१८पासूनची ‘ओनियन राउटिंग’ सोय एका बटनाने चालू होते आणि टॉर वाचकांचा कॅप्चाचा त्रास कमी होतो. पण तो साइटचा स्वतःचा पत्ता नव्हे. सगळी वाहतूक क्लाउडफ्लेअरकडूनच जाते. तात्पुरती सोय म्हणून ठीक.

मिरर काय करत नाही

जिल्ह्यात इंटरनेटच बंद केलं तर ओनियनही बंद. टॉर इंटरनेटवरच चालतं. एखादी साइट अडवली असेल तेव्हाच ते उपयोगी पडतं. खुद्द टॉरच अडवलं असेल, जसं रशियात डिसेंबर २०२१पासून अडवायला सुरुवात झाली, तर वाचकाला ‘ब्रिज’ किंवा ‘स्नोफ्लेक’ वापरावं लागतं.

भारतात टॉर वापरणं हा स्वतःहून गुन्हा नाही. पण मिररमुळे प्रकाशकाची जबाबदारीही कमी होत नाही. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतल्या तक्रार निवारणाच्या अटी तशाच लागू राहतात. एप्रिल २०२२मध्ये सर्ट-इनने काढलेल्या निर्देशांत सर्व्हरचे लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलं आहे. मिररचे लॉग ठेवले तरी त्यात आयपीच्या जागी १२७.०.०.१ एवढंच असतं. तरीही वेळ आणि पान त्यात असतं, हे विसरू नये.

सर्वांत नाजूक गोष्ट ‘बातमी कळवा’च्या फॉर्मची. तालुका कचेरीतला एखादा कारकून मिररवरून फॉर्म भरून कागदाचा फोटो पाठवतो, आणि वर्डप्रेस तो साध्या ईमेलने संपादकांच्या खात्यात टाकतं. त्या खात्याचा पासवर्ड चौघांकडे असतो आणि फोटोत कुठल्या फोनने कधी काढला ही माहिती तशीच असते. येण्याचा रस्ता सुरक्षित, पोचण्याची जागा उघडी. माहिती देणाऱ्यांसाठी ‘सिक्युअरड्रॉप’ हे स्वतंत्र साधन आहे. ॲरन स्वार्ट्झ आणि केविन पोल्सन यांनी ते सुरू केलं आणि आता ‘फ्रीडम ऑफ द प्रेस फाउंडेशन’ सांभाळते. त्यासाठी वेगळी मशीनं आणि शिस्त लागते. ते परवडत नसेल तर मिररवरून हा फॉर्म काढून टाकावा.

किल्ली आणि पहारा

किल्ल्यांच्या फोल्डरमधली गुप्त किल्लीची फाइल जेमतेम शंभर बाइटची असते. ती हरवली तर पत्ता गेला, कुठल्याही कंपनीला फोन करून तो परत मिळत नाही. ती दुसऱ्याच्या हाती पडली तर तो त्याच पत्त्यावर स्वतःची साइट चालवू शकतो, आणि जुनी किल्ली रद्द करण्याची सोय टॉरमध्ये नाही. तेव्हा नवा पत्ता काढून मुख्य साइटवर जाहीर करणं एवढंच हातात उरतं. फोल्डरवर टॉरच्या खात्याशिवाय कुणाला परवानगी असू नये (तशी असली तर टॉर स्वतःच सुरू व्हायला नकार देतं). एक प्रत कुलूपबंद पेनड्राइव्हवर सर्व्हरपासून दूर ठेवावी, सर्व्हरच्या रोजच्या बॅकअपमध्ये नव्हे, कारण तो बॅकअप बहुधा होस्टिंग कंपनीकडेच असतो.

मिरर सुरू करण्याआधी टॉर ब्राउझरमध्ये डेव्हलपर टूल्सची नेटवर्क खिडकी उघडून दहा-बारा पानं फिरावीत : मुखपृष्ठ, जुनी बातमी, फोटो गॅलरी, शोध, चुकीचा पत्ता. एकही मागणी ओनियनच्या बाहेर जाता कामा नये. नवं प्लगइन टाकलं किंवा थीम बदलली की ही फेरी पुन्हा.

त्यानंतर रोज एकदा टॉरमधून मिरर उघडून पाहणारी छोटी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये लावावी, आणि न उघडल्यास तिने कुणाला तरी कळवावं. साध्या साइटसाठी तक्रार करणारे वाचक असतात, मिररचा वाचक तक्रार करायला पुढे येत नाही. ट्विटरने मार्च २०२२मध्ये ओनियन पत्ता काढला होता. वर्षभराने, मार्च २०२३मध्ये, त्याच्या प्रमाणपत्राची मुदत संपली आणि ते कुणी नूतनीकरण केलं नाही.